सहाव्या काचेवरचा ओरखडा

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीत काचा घासायच्या एका छोट्या कारखान्यात मी कामाला होतो. नव्वदच्या दशकाच्या शेवटी तिथं अवकाशात पाठवायच्या दुर्बिणीच्या आरशाचं चाचणीचं काम आलं. अखंड आरसा वर न्यायला फार जड, म्हणून सात षटकोनी काचा शेजारी शेजारी बसवून त्यांचा एक आरसा करायचा होता. वजन घटवायला प्रत्येक काच मागून मधाच्या पोळ्यासारखी कोरलेली. पुढचा पातळ पापुद्रा पॉलिशला माझ्याकडे यायचा. हात जरा जड पडला की मागची घरं पुढं उमटायची. मी श्वाससुद्धा बेतानं घ्यायचो.

खंडेनवमीला कारखाना चालवणाऱ्या सरांनी बजावलं, पॉलिशच्या खोलीत हळदकुंकू, फूल, काही न्यायचं नाही. मी टोकावड्याच्या शेतकऱ्याचा मुलगा, आमच्याकडे त्या दिवशी विळ्यालासुद्धा कुंकू लागतं. बाकीच्या सगळ्या मशीनना झेंडू, आणि जिच्यावर माझं पोट तीच तेवढी कोरडी? आता काहीतरी वाईट होणार, अशी मला धडकीच भरली. कोणी नाही असं बघून मी घासायच्या तबकडीच्या कडेला चिमूटभर कुंकू लावलं. शहाणपणाची हद्दच म्हणायची.

दसऱ्याची सुट्टी संपल्यावर मी ते ओल्या फडक्यानं पुसलं, फडकं धुण्याच्या बादलीत टाकलं आणि मशीन चालू केलं. थोड्या वेळानं बारीक किरकिर ऐकू आली. कुंकवातली कच काचेखाली गेली होती. सहाव्या काचेवर केसाएवढा ओरखडा उठला होता.

मी मशीन बंद केलं. सरांना सांगितलं, कसा पडला कळत नाही. शेवटी सरांचा संशय फडक्यांवर येऊन थांबला. फडकी धुवायला शेणव्याकडच्या पाड्यावरून एक मावशी यायची. धुण्यात माती राहिली असणार असं ठरलं, आणि तिसऱ्या दिवशी दुपारी तिला उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. तिच्या घरात तेवढाच एक पगार होता. मी समोरच उभा होतो, आणि तसाच मशीनकडे वळलो.

पिशवी घेऊन निघताना ती माझ्याजवळ थांबली.

"दादा, फडक्याचा लाल पानी मीच पिळला," ती हळूच म्हणाली. "सायबाला बोलली नाय. तुमाला पन पोरा हायेत."

ती गेली. मग मी सरांच्या केबिनमध्ये जाऊन सगळं सांगून टाकलं. नोकरी गेली, असंच धरून चाललो होतो. सर काचेबद्दल अवाक्षरही बोलले नाहीत.

"मी तिला काढलं तेव्हा तू कुठं होतास?" त्यांनी विचारलं.

"इथंच."

"मग आता तूच जा. तिला परत घेऊन ये."

एसटी अजून यायची होती. थांब्यावर ती एकटीच बसलेली लांबूनच दिसली. तिच्यासमोर उभं राहायची मला इतकी भीती वाटली, की एसटी आत्ताच येऊन तिला घेऊन गेली तर बरं, असं मनात आलं.