खालची पायरी

महाराजांच्या राज्यात मी कोल्हापुरात इंग्रजीचा मास्तर होतो. फळ्यावर शिडी काढून शिकवायचो. वरच्या पायरीवर 'सर्टनली', म्हणजे नक्की. मध्ये 'प्रॉबेबली', म्हणजे बहुतेक. अगदी खाली 'पॉसिबली', झालं तर झालं. चुकेल त्याच्या हातावर छडी.

धाकट्या बहिणीची सुपारी फोडायला मंडळी जमली होती. मुलाकडच्यांनी मुलाच्या नोकरीबद्दलचं साहेबाचं इंग्रजी पत्र आणलं होतं. वडिलांनी ते माझ्या हातात दिलं. "नोकरी लागंल न्हवं?"

पत्रात लिहिलं होतं, 'पॉसिबली'. पण सुपारी फुटताना शंका काढणं आमच्यात अभद्र. चारचौघांत वाईटपणा कोण घेणार? मी शहाणा म्हणालो, "लागंल की!"

सुपारी फुटली. लग्न झालं. नोकरी काही लागली नाही. दोन वर्षांनी नवऱ्यानं तिला पांढऱ्या पायाची म्हणून आमच्या दारात आणून सोडलं.

एकदा चुलीपाशी तिनं विचारलं, "दादा, त्या पत्रात खरं काय लिवलं हुतं?"

मी सांगितलं. शिडीसकट सांगितलं.

भाकरी थापायचा तिचा हात थांबला. "मग पोरांस्नी छड्या कशापायी मारतोस?"