पूंगोडीची रशियन

पूंगोडीने कॉलेजात रशियन घेतली ती काही आवडीने नव्हे. इंग्रजीच्या जागा भरल्या, फ्रेंचच्याही भरल्या, आणि रशियनच्या वर्गात बाकं रिकामी होती. तंजावरजवळच्या खेड्यात तिच्या अप्पांची भाताची गिरणी होती. लेक मद्रासला शिकते एवढ्यानेच त्यांची छाती फुगलेली. ती काय शिकते हे त्यांनी फारसं विचारलं नाही. विचारलं ते अत्तैने. अप्पांची ही थोरली बहीण जिभेची भारी तिखट.

"रशियन? अगं, आपल्या गावात एक तरी रशियन माणूस फिरकलाय का? बोलणार कोणाशी, म्हशीशी?"

"म्हशीला तमिळ तरी कुठे कळतं, अत्तै?"

"कळतं. हाक मारली की येते. तुझी नोकरी येईल का अशी हाकेला?"

नोकरी हाकेला आली नाही हे खरंच. बरोबरच्या मुली संगणकाच्या कंपन्यांत जाऊन बसल्या, आणि पूंगोडी महाबलीपुरमच्या उन्हात रशियन पर्यटकांना दगडी रथ दाखवत रापली. मग तिने यंत्रांच्या माहितीपुस्तकांचे अनुवाद केले. त्यात इतके नट-बोल्ट होते की स्वप्नातही तेच यायचे. रशियात डॉक्टरकी शिकायला निघालेल्या पोरांना तिने मुळाक्षरं शिकवली. ती पोरं तिकडे जाऊन डॉक्टर झाली, ही इकडेच राहिली. शेवटी चेन्नईच्या एका मोठ्या इस्पितळात मध्य आशियातून रशियन जाणणारे रुग्ण यायला लागले आणि त्यांच्यासाठी दुभाषी लागली. तिथे मात्र ती रुजली. कोणाच्या आतड्याचं दुखणं, कोणाच्या हृदयाचं. कोणाला सकाळी सांबार नको, चहाच हवा. "सकाळी सकाळी मिरची खाता," एक उझबेक म्हातारा तिला म्हणाला होता, "म्हणून तुमच्याकडे एवढी इस्पितळं!" हेही तिने डॉक्टरांना भाषांतर करून सांगितलं, आणि वॉर्डभर हशा पिकला.

अशातच बुरुल आली. किरगिझस्तानातल्या डोंगराळ मुलखातली ही शाळेतली बाई. चाळिशी ओलांडलेली, गालाची हाडं उंच, नजर वर्गावर पहारा ठेवणारी. भूगोल शिकवता शिकवता एक दिवस 'नदी' हा शब्दच तिला सापडेना. फळ्यासमोर ती नुसती उभी राहिली. तपासण्या झाल्या, आणि डाव्या मेंदूत, बोलण्याच्या जागेला खेटून, गाठ निघाली. धाकटी बहीण जिबेक तिला घेऊन चेन्नईला आली होती.

शल्यचिकित्सक डॉ. इलंगोवन मोजकं बोलणारे. त्यांनी पूंगोडीला खोलीत बोलावलं.

"हिचं ऑपरेशन जागेपणी करायचंय."

"जागेपणी? डोकं उघडून?"

"मेंदूला स्वतःला दुखत नाही. कातडी बधिर करू. तू तिच्या समोर बसून चित्रं दाखवायचीस, तिने नावं सांगायची. मी मेंदूच्या एकेका जागेला विजेचा हलका स्पर्श करणार. जिथे तिचं बोलणं अडेल, त्या जागेला हात लावायचा नाही. पण अडलं हे मला कळणार कसं? मला रशियन येत नाही. तिथे माझे कान तू."

त्या दुपारी पूंगोडीचा डबा तसाच परत गेला. इतकी वर्षं ती शब्द इकडून तिकडे पोचवत आली होती. ते डोक्यात कुठेतरी राहतात, त्यांनाही घर असतं, हे तिच्या कधी मनातही आलं नव्हतं.

बुरुलला हे सगळं सांगितलं तेव्हा ती उशी मागे सरकवून ताठ बसली. मग म्हणाली, "म्हणजे तोंडी परीक्षा. जन्मभर पोरांची घेतली, आता माझी पाळी."

सराव सुरू झाला. सफरचंद, पक्षी, किल्ली, चमचा. बुरुल रशियनमध्ये धडाधड नावं सांगायची. एकदा मधेच तिच्या आईचा फोन आला, आणि बुरुलचा आवाजच बदलला. पूंगोडीला त्यातलं अक्षर कळलं नाही.

"आईला रशियन येत नाही," जिबेक म्हणाली. "घरात आम्ही किरगिझच बोलतो. एजेची रशियन शाळेतली." एजे म्हणजे त्यांच्यात अक्का.

पूंगोडीने हे डॉक्टरांच्या कानावर घातलं. त्यांचे डोळे चमकले.

"बरं झालं सांगितलंस. दोन भाषांची घरं कधी कधी वेगवेगळी निघतात. मग दोन्ही ऐकू."

जिबेकने मग पूंगोडीला बसवून किरगिझ नावं घोकून घेतली. सफरचंद म्हणजे 'आल्मा', पक्षी 'कुश'. पूंगोडीचे उच्चार ऐकून बुरुल उशीत तोंड लपवून हसायची. "असा कुश आमच्या डोंगरात उडाला तर दगडावर आपटेल!"

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी अवघड प्रश्न विचारला. गाठ एखाद्या भाषेच्या जागेला चिकटलेली निघाली, तर तेवढा तुकडा ठेवायचा की काढायचा? ठेवला तर तो वाढू शकतो. काढला तर भाषा जाऊ शकते.

बुरुल म्हणाली, "किरगिझला हात लावू नका. आईला दुसरी येत नाही. रशियन गेली तर गेली." मग तिने पूंगोडीकडे पाहिलं. "पण मग तुझ्याशी कशी बोलू ग?"

हे वाक्यही पूंगोडीला डॉक्टरांना सांगावं लागलं. 

दुसऱ्या दिवशी सकाळी निळ्या कापडाच्या छोट्या तंबूत ती बुरुलच्या समोर बसली. पडद्याच्या अलीकडे ओळखीचा चेहरा, गालावर उशीचे वळ उठलेले. पलीकडे डॉक्टर आणि उघडा मेंदू. पूंगोडीने तिकडे पाहिलं नाही. तिने बुरुलचा हात धरला आणि चित्रं दाखवायला लागली.

किल्ली. चमचा. घर. बुरुल सांगत होती, सावकाश पण स्पष्ट. एका जागी तिची जीभच थांबली. ओठ हलले, आवाज आला नाही. "थांबली!" पूंगोडी म्हणाली. पलीकडून शांत आवाज आला, "ही जागा सोडली." आणि बुरुल पुन्हा बोलायला लागली, जणू कोणी दार लोटून पुन्हा उघडलं.

मग सफरचंदाचं चित्र आलं.

"आल्मा," बुरुल म्हणाली.

पूंगोडी चटकन म्हणाली, "सर, किरगिझ! रशियन विचारलं होतं, आणि उत्तर किरगिझमध्ये आलं!"

"पुढचं दाखव."

पक्षी. "कुश."

"आता मी स्पर्श काढतोय. पुन्हा दाखव."

पक्षी. बुरुल रशियनमध्ये म्हणाली, "प्तीत्सा."

डॉक्टरांनी पुन्हा तिथे स्पर्श केला, पुन्हा रशियन गेली. काढला, परत आली. त्या एवढ्याशा ठिपक्यात पूंगोडीची सगळी भाषा होती. वर्षानुवर्षांचे धडे, व्याकरण, तिचा पोटाचा धंदा बुरुलच्या डोक्यात नखाएवढ्या जागेत मुक्कामाला होता, आणि शेजारीच, भिंतीला भिंत लावून, एका म्हाताऱ्या आईची किरगिझ.  भूल देणारी डॉक्टरीणबाईही हातातलं काम तसंच ठेवून ऐकत होती.

"बुरुल," पूंगोडी हळूच म्हणाली, "तू आत्ता 'आल्मा' म्हणालीस."

"मी? छे. मी तर रशियनच सांगितलं." बुरुलचे डोळे मोठे झाले. "नाही सांगितलं?"

"नाही."

पडद्यापलीकडून डॉक्टर म्हणाले, "गाठ याच जागेला चिकटलीय. रशियन गेली तरी चालेल, असं ती म्हणाली होती. तरी पुन्हा विचार."

पूंगोडीने विचारलं. बुरुलने डोळे मिटले. हात मात्र घट्ट धरून ठेवला.

"सांग त्यांना, राहू दे तिथलं. काल मला वाटलं, ती नोकरीची भाषा आहे, गेली तर गेली. पण भूगोल मी तिच्यातच शिकले. 'समुद्र' हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला तो तिच्यात. तीही माझीच आहे."

डॉक्टरांनी गाठीचा पातळसा पापुद्रा तिथेच ठेवला. उरलेल्यासाठी किरणांचा उपचार करायचं ठरलं.

ऑपरेशन नीट पार पडलं, पण दुसऱ्या दिवशी पूंगोडी वॉर्डात गेली तर बुरुल तिच्याकडे नुसती बघत राहिली. रशियन तिला समजत होती, बोलता येत नव्हती. सूज आहे, उतरेल, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं.  आता बुरुल किरगिझमध्ये बोलायची, जिबेक ते रशियनमध्ये आणायची, आणि पूंगोडी नर्सला तमिळमध्ये सांगायची. एक साधं 'पाणी हवं' तीन घरं फिरून मग पेल्यात यायचं.

एकदा पूंगोडीने स्वतःच आपल्या त्या दगडावर आपटणाऱ्या किरगिझमध्ये विचारलं, पाणी हवं का. बुरुलने कान देऊन ऐकलं, आणि ऑपरेशननंतर पहिल्यांदा हसली. हसताना टाके ओढले गेले आणि ती कळवळली. जिबेक ओरडली, "एजेला हसवू नकोस, टाके तुटतील!"

सूज उतरत गेली तसे रशियन शब्द एकेक करून परतले, रानातली गुरं संध्याकाळी घरी येतात तसे. आधी लहान, मग मोठे. एका सकाळी बुरुलने खिडकीतून अडयार नदीकडे बोट दाखवलं आणि तो शब्द रशियनमध्ये उच्चारला: नदी. मग पुन्हा एकदा उच्चारला, चव घेतल्यासारखा.

त्या संध्याकाळी पूंगोडी खाली उतरली, घरी जायला बसमध्ये चढली. बस खचाखच भरलेली. कंडक्टर थांब्यांची नावं ओरडत होता, दोन बायका माशांच्या भावावरून भांडत होत्या, कोणीतरी फोनवर सासूची तक्रार सांगत होतं. रोजचीच ती तमिळ. ती एकेका माणसाच्या डोक्याकडे बघायला लागली. गजरा माळलेलं, टक्कल पडलेलं, तेल चोपडलेलं. प्रत्येकात कुठे ना कुठे तो ठिपका.

"कुठं जायचं, अम्मा?" कंडक्टरने विचारलं. "अम्मा, अहो! ऐकू येतंय का?"

"येतंय," ती म्हणाली, आणि तरी थोडा वेळ तशीच त्याच्या तोंडाकडे बघत राहिली.