ठाण्यातून गंजून आलेलं पिस्तूल

माझ्याकडे पिस्तूल आहे हे कळलं की माणसं दोनच गोष्टी विचारतात. कोणाची भीती आहे का, आणि मिस्टरांचं आहे का. भीती कोणाची नाही, आणि मिस्टरांना ते कोणत्या बाजूने धरायचं हेही माहीत नाही. मी अकोल्याच्या एका शाळेत गणित शिकवते, पन्नाशी उलटली आहे, आणि जमेल त्या रविवारी सकाळच्या गाडीने बडनेऱ्याला उतरून अमरावतीच्या रेंजवर नेम मारायला जाते. एवढं सांगितलं तरी समोरच्याचा चेहरा तसाच राहतो. मग मी सांगायचं सोडून देते.

पिस्तूल बाबांचं. बाबा चांदूर रेल्वेला रेल्वेत होते. टेरिटोरियल आर्मीच्या शिबिरात त्यांच्या हातात पहिल्यांदा रायफल आली आणि तिथेच त्यांचा नेम सगळ्यांच्या नजरेत भरला. पुढे एका निवृत्त होणाऱ्या अधिकाऱ्याकडून त्यांनी हे बत्तीस बोअरचं जुनं परदेशी पिस्तूल घ्यायचं ठरवलं. सगळं पोलादाचं, मुठीला अक्रोडाच्या लाकडाच्या फळ्या. लायसनच्या अर्जाच्या वेळी कचेरीतल्या कारकुनाने आडनाव वाचलं, मान वर केली आणि विचारलं, "तुम्हाला कशाला पाहिजे? कोणाची भीती?" बाबा म्हणाले, "भीती नाई साहेब, नेम हाय." हे ते हसत सांगायचे. मला मात्र त्या कारकुनाचा राग लहानपणापासून आहे. आमच्या वस्तीतल्या माणसाने बुद्धविहारात पुस्तकं द्यावीत, रेल्वेत नोकरी करावी, इथपर्यंत सगळ्यांना चालत होतं. पिस्तुलाचा अर्ज केला की भुवया वर.

बाबांनी मला आधी साफ करायला शिकवलं. नेम धरायला फार नंतर. गोळ्यांचं मॅगझिन काढायचं, स्लाइड म्हणजे वरचा सरकता भाग मागे ओढून आत गोळी नाही हे डोळ्यांनी बघायचं, बोटानेही चाचपायचं. मग स्लाइड, स्प्रिंग, नळी असे भाग सुटे करून जुन्या धोतराच्या फडक्यावर मांडायचे. पितळी तारांचा ब्रश नळीतून फिरवायचा, मग सुती चिंधी, चिंधी काळी निघायची थांबेपर्यंत. शेवटी तेल, तेही बोटाला जेमतेम जाणवेल एवढंच. "हाताचा घाम म्हनजे मीठ हाय," बाबा म्हणायचे. "मीठ तसंच ठेवून झोपशीन तं सकाळी गंज उठून बसन."

आपल्याकडचा उन्हाळा असा की तेल आठवड्यात वाळून चिकट होतं आणि त्यावर धूळ बसते. पावसाळ्यात उलटं, कपाटातली हवासुद्धा ओली. आजकालची हलकी पिस्तुलं हे सगळं सहन करतात म्हणे. माझं करत नाही. स्प्रिंग थकली तर नवी मिळत नाही, मॅगझिनचा ओठ वाकला तर दुसरं मिळत नाही. पण एकदा व्यवस्थित बसलं की त्या पोलादाच्या वजनाने हात असा स्थिर होतो की पंचवीस मीटरवरचा काळा गोल जवळ आल्यासारखा वाटतो.

बाबा गेले तेव्हा पिस्तूल माझ्या नावावर करायला भावाने हसत संमती दिली. आक्षेप बाहेरच्यांनी घेतला. "मुलगा असताना मुलीच्या नावावर?" असं मला कचेरीतल्या एका टेबलावर नाही, प्रत्येक टेबलावर ऐकावं लागलं. झालं ते शेवटी.

मग लोकसभेची निवडणूक लागली आणि ती संपेपर्यंत हत्यार ठाण्यात जमा करण्याची नोटीस आली. मी नेमबाज म्हणून सूट मागितली. स्पर्धांची प्रमाणपत्रं जोडली. उत्तर आलं की सूट देण्याइतकी गरज दिसून येत नाही. आमच्याच कॉलनीतले एक बिल्डर लग्नाच्या वरातीत कमरेचं पिस्तूल दिसावं म्हणून शर्ट खोचून फिरतात, त्यांची गरज मात्र दिसून आली होती.

मी पिस्तूल नीट साफ केलं, भरपूर तेल लावलं, तेलाच्या कपड्यात गुंडाळलं आणि त्याच्या लाकडी डब्यात ठेवून ठाण्यात नेलं. मिस्टर सोबत आले होते. मुद्देमाल खोलीच्या हवालदाराने माझ्याकडे न बघता त्यांना विचारलं, "साहेब, किती वर्षांपासून आहे हे?"

"मले काय विचारता? यायले विचारा," मिस्टर म्हणाले. "मी फक्त स्कूटर चालवली."

हवालदार हसला. त्याने डबा उघडला, कपडा सोडला, पिस्तूल बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि रिकामा डबा माझ्याकडे सरकवला. "डब्बा नाई चालत मॅडम. कपाटात जागा नाई. फक्त हत्यार ठेवा."

"मग कपडा तरी राहू द्या. पोलाद आहे, पावसाळा येतोय."

"लोखंडच हाय ना? काई होत नाई त्याले."

त्याने सुतळीने एक चिठ्ठी बांधली आणि ते आत नेलं. दाराच्या फटीतून मला दिसलं, एका कोपऱ्यात बंदुका लाकडाच्या मोळीसारख्या उभ्या होत्या.

निकाल लागला. दिल्लीत सरकार बसलं. पेरण्या झाल्या, कपाशी गुडघ्याला आली, आणि पिस्तूल ठाण्यातच. विचारायला गेलं की साहेब बंदोबस्तात, चावी ज्याच्याकडे तो सुट्टीवर, वरून आदेश यायचा आहे. रविवारी गाडीने अमरावतीला जायचं, बाकीच्यांचे नेम बघायचे आणि परत यायचं, हे मी काही दिवस केलं. मग तेही सोडलं.

परत द्यायचा दिवस ठरला तेव्हा पाऊस लागून होता. खिडकीपुढे रांग होती. माझ्यामागे अकोट रोडवरच्या एका गावचे म्हातारे कास्तकार उभे होते. त्यांची एकनळी बंदूक, रानडुकरं आणि रोही म्हणजे नीलगाई हुसकवायची. पेरणीच्या दिवसांत ती इथे पडून होती आणि वावरात डुकरांनी वखर फिरवल्यासारखं केलं, असं ते सांगत होते.

हवालदाराने माझं पिस्तूल आणून ठेवलं. मी हात लावण्याआधीच मला दिसलं. स्लाइडवर तपकिरी गंजाची साय आली होती. चिठ्ठीची ओली सुतळी जिथे टेकली होती तिथे पोलाद खाल्लं जाऊन बारीक खड्डे पडले होते. मुठीची एक फळी स्क्रूपासून खालपर्यंत तडकलेली. हे नुसतं पडून राहून होत नाही, कोणीतरी ते आपटलं होतं किंवा त्याच्यावर काही टाकलं होतं. मी स्लाइड ओढून बघितली, ती अर्ध्यावर अडली.

त्याने कागद पुढे केला. छापील ओळ होती, हत्यार सुस्थितीत परत मिळाले, तक्रार नाही. "इथं सही."

"मी सही करणार नाही."

"काहून?"

"हे सुस्थितीत आहे?"

"अवो मॅडम, पाऊस पडते त छप्पर गळते. आमी काय करावं? घरी जाऊन घासा, निघून जाईन."

माझा आवाज चढला. वर्गात चढत नाही तितका. मी म्हटलं, तुम्ही डबा परत दिला, कपडा काढून घेतला, मी सांगत होते तेव्हा हसलात. तुमच्या स्वतःच्या बंदुकीला दररोज तेल लावता की नाही? ती गंजली तर तुमच्या पगारातून कापतील. मग माझं काय म्हणून गंजलं? "ही ओळ खोडा. गंजलेल्या आणि तुटलेल्या अवस्थेत असं लिहा. तरच सही."

मागचे म्हातारे हळूच म्हणाले, "बाई, करून टाका सही. नाई तं पुढच्या वक्ताले लायसनच अडवतीन हे."

मला त्यांचाही राग आला. त्या क्षणी तर हवालदारापेक्षा जास्त आला. मी मागे वळून म्हटलं, "काका, तुमची बंदूक आधी बघून घ्या, मग मला सांगा."

मी खिडकीसमोरून हलले नाही. रांग थांबली. कोणी म्हणालं, बाई मास्तरीण दिसते. कोणी म्हणालं, आमचा दिवस बुडवते. एकाने, "बायायच्या हाती दिलं का असंच होते," असंही म्हटलं. मी ऐकलं आणि तिथेच उभी राहिले. कान तापले होते. मी खिडकीचा कठडा घट्ट धरला होता.

शेवटी ठाणेदार बाहेर आले. तरुण होते, सभ्य बोलत होते, आणि तेच मला जास्त लागलं. "मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात. इतक्या छोट्या गोष्टीसाठी?"

"साहेब, गोष्ट छोटी असेल तर एक ओळ लिहायला काय हरकत आहे?"

"असं एकाला लिहून दिलं तर सगळेच मागतील."

"मागू द्या ना."

तेवढ्यात हवालदाराने रांग पुढे सरकावी म्हणून म्हाताऱ्यांची एकनळी आणून ठेवली. लाकडी दस्ता मानेपाशी फुटलेला होता, कोणीतरी त्याला चिकटपट्टी गुंडाळली होती. म्हाताऱ्यांनी ती उचलली, पट्टीवरून अंगठा फिरवला. मग टोपी काढून टेबलावर ठेवली.

"मंग मायंबी लिवा," ते म्हणाले. "मी देली तवा साबूत होती."

त्यांच्यामागचा माणूस पुढे वाकून म्हणाला, "आमची बी दाखवा आधी. मंग सही."

ठाणेदारांनी एकदा रांगेकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हवालदाराला म्हणाले, "लिहून दे." हवालदाराने ओळ खोडली आणि दात खात लिहिलं. अक्षर मुद्दाम वाईट काढलं. मी ते त्याच्याकडून पुन्हा सुवाच्य लिहून घेतलं आणि मग सही केली.

घरी मी ते सुटं केलं. वरचा गंज तेलात भिजवून बारीक तारेच्या काथ्याने निघाला, त्याच्यासोबत मूळची निळसर झळाळीही गेली. खड्डे राहिले. फळी अमरावतीच्या एका परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून चिकटवून घेतली. स्लाइड मोकळी झाली. पहिल्या रविवारी रेंजवर गोळ्या पूर्वीसारख्याच मुठीएवढ्या जागेत बसल्या, तेव्हा मला आनंद व्हायला हवा होता. मी फक्त पिस्तुलाकडे बघत राहिले. बाबांनी इतकी वर्षं हाताचं मीठसुद्धा लागू दिलं नव्हतं त्याला.

मी भरपाईसाठी अर्ज केला. छताचं काम प्रस्तावित आहे, असं उत्तर आलं. माझ्या पिस्तुलाबद्दल त्यात एक शब्द नव्हता.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास विधानसभा आली. पुन्हा नोटीस, पुन्हा सूट नाकारली. मी डबा घेऊन गेले. हवालदार तोच. त्याने मला पाहिलं, उसासा टाकला आणि डब्यासकट आत घेतलं. मी फोनवर फोटो काढले ते त्याने काढू दिले. मिस्टरांना काही विचारलं नाही. निवडणूक झाल्यावर परत देताना म्हणाला, "पाहून घ्या बाई. मंग करा सही."

मी पाहिलं, सावकाश, एकेक भाग. नवा गंज नव्हता. याबद्दल त्याला धन्यवाद म्हणावं असं मिस्टरांचं मत होतं, बाहेर आल्यावर त्यांनी तसं सांगितलंही. मी धन्यवाद म्हटलं नाही. जे पहिल्या दिवशी विनवून मागितलं होतं ते भांडल्यावर मिळालं, त्याचे आभार कसले? त्या खोलीचं छप्पर अजून गळतं. ज्यांच्याकडे डबा नाही त्यांच्या बंदुका अजून तिथे कोपऱ्यात मोळीसारख्या उभ्या असतात.