वरच्या गॅलरीतली शिट्टी

इटलीतल्या पार्मा शहरात एमोरे झांब्रेल्लीला गायक वचकून असत ते त्याच्या शिट्टीमुळे. उभा जन्म त्याने हॅमच्या कारखान्यात डुकराच्या मांड्यांना मीठ चोळण्यात घालवला होता. पण रविवारी दुपारी ऑपेराच्या नाट्यगृहात, अगदी वरच्या स्वस्त गॅलरीत जाऊन बसला, की तो न्यायाधीश व्हायचा. खाली कुणाचा सूर घसरला रे घसरला, की याची दोन बोटं तोंडात. आणि तिथं शिट्टी म्हणजे दाद नव्हे, हुर्यो.

त्याची मुलगी इव्होन शाळेच्या स्वयंपाकघरात राबायची आणि त्याच नाट्यगृहाच्या कोरसमध्ये गायची. तिचा नवरा लेआर्कोही एके काळी तिथंच गात असे. लग्नाआधी एकदा भर प्रयोगात त्याचा आवाज फाटला आणि होणाऱ्या सासऱ्याने वरून शिट्टी घातली. लेआर्कोने गाणं सोडलं, शहराच्या बसवर ड्रायव्हर झाला. लग्नाच्या जेवणात एमोरे सगळ्यांदेखत म्हणाला, "जावई सोन्यासारखा आहे हो. गळा तेवढा पत्र्याचा." सगळे हसले. इव्होन तेवढी हसली नाही.

यंदा ऑपेरा लागला होता तो सत्तेसाठी एकमेकांच्या उरावर बसलेल्या घराण्यांचा, आणि त्यात हरवलेली लेक सापडलेल्या एका राज्यकर्त्याचा. इव्होन नेहमीप्रमाणे घोळक्यात होती. पण रविवारी सकाळी कोरसच्या मास्तरांचा फोन आला. दासीचं काम करणारी बाई तापाने आडवी झाली होती. दासीला ओळी दोनच, पण एकटीने म्हणायच्या. इव्होन हो म्हणाली आणि तशीच बापाच्या घरी गेली. तो आरशासमोर टाय बांधत होता.

"बाबा, आज नका ना येऊ."

"का?"

"दासीचं काम मी करतेय."

एमोरेचे हात थांबले. "तू? मग नीट गा."

"आणि चुकले तर?"

"तिथं मी कुणाचा बाप नाही, इव्होन. उद्या लोक म्हणतील, म्हातारा जावयाला सोडत नाही आणि लेकीला सोडतो."

"म्हणू देत की!"

तो पुन्हा टाय बांधू लागला. दार आपटून ती निघाली.

दुसऱ्या अंकात राजवाड्याच्या देखाव्यात ती धावत आली, राजकन्येसमोर वाकली आणि पहिली ओळ म्हणाली. ती बरी गेली. दुसऱ्या ओळीला मात्र तिने घाई केली. वाद्यं पोचायच्या आत तिचा सूर एकटाच सभागृहात जाऊन उभा राहिला. वाद्यवृंदाच्या मास्तरांनी डोळे वटारले, हाताच्या इशाऱ्याने वाद्यांना पुढे ओढलं आणि सगळं सावरून घेतलं. इव्होन मान खाली घालून शिट्टीची वाट पाहत राहिली. वरून कुणी खोकलं, एक खुर्ची करकरली. बस्स. राजकन्या गायला लागली आणि इव्होन आत पळाली. आत आल्यावर भिंतीला टेकून ती इतकी रडली, की वेशभूषेवाल्या बाईने तिच्या हनुवटीखाली रुमाल धरला, झगा भिजू नये म्हणून.

खेळ सुटल्यावर मागच्या दाराशी लेआर्को आणि एमोरे शेजारीशेजारी उभे होते. लेआर्कोला हसू आवरत नव्हतं.

"दुशरी ओळ आधी आली," एमोरे म्हणाला. त्याचा उच्चार काहीतरी विचित्रच येत होता.

"कळलं तुम्हाला?"

"भहिरा आहे का मी?"

"मग शिट्टी का नाही मारलीत?"

म्हाताऱ्याने रस्त्याकडे तोंड फिरवलं. उत्तर लेआर्कोने दिलं. "कशी मारणार? तू स्टेजवर यायच्या आधीच यांनी दात काढून खिशात घातले. बिनदातांची शिट्टी वाजते होय! शेजारचे विचारायला लागले, एमोरे, बरं नाही का?"

इव्होन बापाकडे बघत राहिली. त्याची गालफडं आत गेली होती, एकदम लहान दिसत होता तो.

"घाला ते आता," ती म्हणाली. "घरी चला. रस्सा करून ठेवलाय, तुमच्या आवडीचा. सकाळपासून माझ्या पोटात काही नाही."

एमोरेने पाठ वळवून दात बसवले, खाकरला, आणि लेआर्कोच्या खांद्यावर हात टाकला. "चल रे," तो म्हणाला, "तू आपली बसच चालवत राहा. गाऊ नकोस."

या वेळी इव्होनच आधी हसली.