फी झेपली, खोली नाही

संत्र्याची साल नखाला लागली, की मला अमरावतीचा बसस्टँड आठवतो. बारावीनंतर माझ्या शोभाला तिथलं कॉलेज दाखवायला मी अकोल्याहून नेलं होतं. फी झेपणारी होती. पण वसतिगृह भरलेलं, अन् बाहेरच्या खोलीचं भाडं ऐकून मी तिला घेऊन बसस्टँडवर परतले, संत्रं सोलून दिलं.

"आई, फी तं कमी आहे ना?"

"अवं, पण राहशील कुठं? वर्गातल्या बाकावर?"

ती हसली नाही. परतीच्या बसमध्ये मूर्तिजापूर आलं तरी सोललेलं संत्रं तिच्या हातातच. मला वाटलं, आंबट निघालं असेल! पोरगी शेवटी आवडीचा भूगोल सोडून घराजवळच्या कॉलेजात शिकली.

आज तिची लेक मोबाइलवर कॉलेजं निवडून राहिली आहे. फी दिसते, राहायचं काय ते अजूनही कोणी लिहीत नाही. शोभा एकेका कॉलेजला फोन लावून ठणकावते, "फी समजली हो, पण पोरगी राहीन कुठं?"