आबांचा जावई आणि डिस्कची तब्येत

घाबरणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण कशाला किती घाबरायचं हे आधीच ठरवून ठेवणारा माणूस अख्ख्या खानदेशात एकच, आणि तो नेमका माझा साडू निघाला. आमच्या सासऱ्यांचा, म्हणजे आबांचा, हा धाकटा जावई जळगावातल्या एका फोटो लॅबचं स्टोरेज सांभाळतो. चोपड्यापासून धुळ्यापर्यंतच्या लग्नांचे फोटो त्याच्या थंडगार खोलीतल्या डिस्कवर असतात. तिथं काय बिघडलं की यंत्राने लॅबच्या मालकांना मोबाइलवर निरोप पाठवावा, आणि तो 'माहिती' म्हणून, 'इशारा' म्हणून की 'गंभीर' म्हणून, हे तो ठरवतो. घरीही त्याची ही खोड सुटत नाही. भाजीत मीठ कमी पडलं की 'माहिती', दूध वर आलं की 'इशारा'. एकदा मी न कळवता जेवायला गेलो, तर दारातूनच बायकोला ओरडला, "गंभीर! आणखी एक वांगं भाज!" आणि मग मला उठवेना इतकं भरीत वाढलं.

सुरुवातीला त्याचे निरोप इंग्रजीत जायचे. खोलीचं दार उघडलं तरी मालकांचा मोबाइल वाजायचा. वैतागून त्यांनी ते वाचणं सोडलं, पुढे याचे फोन घेणंही सोडलं. "इंग्रजीतल्या वाईट बातमीसाठी आपल्याकडे कोणी चप्पल घालत नाही," असं म्हणत साडूने सगळे निरोप स्वतः अहिराणीत लिहून काढले. पण हा चोपड्याकडच्या एका खेड्यात वाढलेला. तिकडे वाईट बातमी तोंडावर सांगत नाहीत. माणूस गेलेला असला तरी 'तब्येत जरा नरम शे, निंघी या', म्हणजे नरम आहे, निघून या, एवढंच कळवतात, आणि ऐकणारा समजायचं ते समजतो. साडूने 'गंभीर'साठी हेच वाक्य घातलं. आम्ही पोट धरून हसलो.

माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटोही तिथेच होते, आणि फक्त तिथेच. अल्बम व्हायच्या आधी माझी आई गेली. नातीच्या गालाला हळद लावताना ती खळखळून हसते आहे, तो फोटो निवडायला मी एका दुपारी साडूशेजारी बसलो होतो, तेवढ्यात पडदा गोठला. तेच फोटो दोन्हींवर ठेवणाऱ्या डिस्कच्या जोडीतली एक गेली होती आणि दुसरी खरखरत होती. बंद केली तर पुन्हा सुरू होईल याची खात्री नव्हती. नवी डिस्क मालकांच्या कपाटात, किल्ली त्यांच्या खिशात आणि मालक धुळ्याला सासुरवाडीत. साडूचा फोन त्यांनी नेहमीप्रमाणे कापला. साडू मात्र डिस्कच्या डब्यावर हात ठेवून म्हणत होता, "थांब माय, येत शेतस मालक."

आणि ते आले. निरोप आपोआप गेला होता, 'डिस्कनी तब्येत जरा नरम शे, निंघी या.' डिस्कचं मालकांना काही वाटलं नसतं, पण 'निंघी या' वाचल्यावर हातातला घास खाली ठेवून ते उठले. त्यांचा चेहरा पाहून सासुरवाडीच्या म्हाताऱ्यांनी काही विचारलं नाही. उपरणी डोक्याला गुंडाळून तेही गाडीत बसले. लॅबच्या दारात मालकांच्या सासऱ्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोन गयं?"

"डिस्क," साडू म्हणाला.

म्हातारबाबांनी आत डोकावून डोक्याचं उपरणं काढलं. मग चहा मागवला.

नवी डिस्क बसली, आणि संध्याकाळपर्यंत सगळे फोटो तिच्यावर आले. आई पडद्यावर पुन्हा हसली. मी साडूला मिठी मारली तर तो अवघडून म्हणाला, "ही फक्त माहिती शे, दाजी, रडू नका."

त्याच दिवशी त्याने मला न विचारता माझा नंबर निरोपांच्या यादीत टाकला. आता रोज दिवेलागणीला त्या यंत्राचा निरोप येतो, 'बठ्ठं बरं शे', म्हणजे सगळं बरं आहे. याच वेळी आई फोन करायची आणि "बरं आहे ना रे सगळं?" एवढंच विचारायची. मी कामात असलो की नुसतं हो म्हणून ठेवून द्यायचो. यंत्राला उत्तर जात नाही हे साडूने मला दोनदा समजावलं आहे. तरी मी रोज लिहितो, 'इकडेही बठ्ठं बरं शे.'