गज सरळ करणारी गोदाबाई

प्रिय ईशान आणि मीरा,

परवा व्हिडिओ कॉलवर ईशाननं स्प्रिंगची ती चिमट्यासारखी वस्तू दाखवली आणि दाबता दाबता तो लालबुंद झाला. "आजी, हातात जोर यायला असं करतात," असं त्यानं मला समजावलं. मला हसू आलं आणि पाठोपाठ वाईटही वाटलं, कारण त्याच आठवड्यात दिंद्रुडहून मंदाचा फोन आला होता. तिची आई, गोदाबाई, गेली. मी आयुष्यात पाहिलेले सगळ्यांत बळकट हात गोदाबाईचे होते. तिच्याविषयी कुणी कुठं एक ओळ लिहिलेली नाही आणि आता लिहिण्याइतकं आठवणारी बहुधा मीच उरले आहे. म्हणून पहिल्यापासून, क्रमानं सांगते.

मी तेव्हा परळीजवळच्या एका शाळेत इंग्रजी शिकवत होते. दर हिवाळ्यात आमच्या शाळेत दगडू पैलवान यायचा. गावोगावच्या शाळांमधून शक्तीचे प्रयोग करून दाखवणं हा त्याचा धंदा. नारळ मुठीनं फोडायचा, साखळी तोडायचा आणि शेवटी लोखंडी गज वाकवायचा. मिशांना तेल, खांद्यावर टॉवेल आणि आवाज असा की त्याला कर्ण्याची गरज पडू नये. "मेहेरबान, कदरदान! हा लोखंडाचा गज हाय, काकडी न्हाई! ज्याला शंका आसंल त्यानं वर यावं आन चावून बगावं!" मग गज मानेवर घेऊन दोन्ही टोकं पुढं ओढायचा. गजाची घोड्याच्या नालेसारखी कमान व्हायची आणि पोरं बाकांवर उभी राहून ओरडायची.

दुसऱ्या दिवशी पुढच्या गावी तोच प्रयोग, त्याच गजांवर. वाकलेला गज पुन्हा सरळ कसा होतो, हा प्रश्न कुणालाच पडत नसे. मलाही पडला नव्हता. एका वर्षी प्रयोग संपल्यावर काही कामानं मी पडद्यामागं गेले. तिथं अंगानं बारीक, कपाळावर रुपयाएवढं कुंकू लावलेली एक बाई उकिडवी बसली होती. गुडघ्यावर घोंगडीचा तुकडा, त्यावर तो कमान झालेला गज. कणीक मळावी तसे तिचे हात गजावरून सरकत होते. थांबायची, श्वास सोडायची, पुन्हा आवळायची. थोड्या वेळानं तिनं एक डोळा मिटून गजावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "डाव्या अंगाला जरा ऱ्हायलाय."

"तुम्ही करता हे?" मी विचारलं.

"मग कोन करंल? मालक वाकवत्यात, मी सरळ करती."

"लोहाराकडं का नाही देत?"

"लोहार तापवून ठोकतो. तापवला की गज मऊ पडतो, मग मालकाला वाकवायला मजा येत न्हाई." असं म्हणून ती इतकी हसली की गज गुडघ्यावरून घसरला.

पुढं दर हिवाळ्यात ते आले की मी तिला भेटत राहिले. तिचं माहेर मेंढपाळांचं. लहानपणापासून ओढ्यावर घोंगड्या धुवायच्या आणि पिळायच्या. मेंढीच्या लोकरीची ती जाड घोंगडी भिजली की दोन माणसांना उचलत नाही. "बाप म्हणायचा, शेवटचा थेंब पडंस्तोवर सोडायची न्हाई," ती सांगायची. लग्नानंतर पैलवानाचा व्यायाम बघून तिनं आपलाही वाढवला. वाळू भरलेला माठ फक्त पाच बोटांनी काठाला धरून ती त्यांच्या राहायच्या पालाभोवती फेऱ्या मारायची, तोंडानं मंदाला पाढे विचारत. मला एकदा म्हणाली, "जोर दंडात नसतोय बाई, करंगळीत आसतोय. करंगळी ढिली पडली की समदा हात खोटा." मी करून पाहिलं. माठ जागचा हलला नाही. "राहू द्या, तुमी आपलं इंग्रजी बोला," ती म्हणाली.

त्या सुमारास आमच्या शाळेला मुलींच्या व्यायामासाठी बाई हवी होती. मी गोदाबाईचं नाव सुचवलं. शाळेच्या आवारात एक खोलीही रिकामी होती. संस्थेच्या अध्यक्षांना सगळे अण्णा म्हणत. अण्णा म्हणाले, "संमेलनात एकदा करून दाखवू द्या. पालक बघतील, मग ठरवू."

गोदाबाईला नोकरीचं कौतुक नव्हतं. मंदा तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती आणि ज्या गावी प्रयोग त्या गावच्या शाळेत दोन दिवस मागं बसायची, हेच तिचं शिक्षण. "मंदीला एका जागी शाळा मिळंल," गोदाबाई म्हणाली. "मला दुसरं काय नको." दगडूनंही मिशीवर हात फिरवून परवानगी दिली. "जा की! मी कावून आडवू?"

संमेलनाच्या दिवशी आधी दगडूनं गज वाकवला. टाळ्यांचा पाऊस पडला. मग पदर खोचून गोदाबाई तोच गज घेऊन मंचाच्या मधोमध बसली. सगळं शांत. ती नेहमीसारखी, अजिबात घाई न करता काम करत होती. मागच्या रांगा चुळबुळू लागल्या. शेवटी तिनं एक डोळा मिटून गज पाहिला, उभी राहिली आणि तो दोन्ही हातांनी डोक्यावर धरला.

मी टाळ्या वाजवल्या. पण एकटीनंच.

"आरं काय बे, हा तर सरळच हाय!" एक पोरगा ओरडला आणि हशा पिकला. पहिल्या रांगेतून अण्णा हसत म्हणाले, "बाई, सरळ गज दुकानातही मिळतो. वाकवून दाखवा."

मी मंचाच्या कडेला उभी होते. तिथून मला दोघंही दिसत होते. दगडू पलीकडच्या कडेला हसत उभा होता, पण खांद्यावरचा टॉवेल त्यानं दोन्ही मुठींत घट्ट धरला होता. गोदाबाईनं त्याच्याकडं पाहिलं. मग गज खाली ठेवला.

"वाकवायचं काम मालकाचं," ती म्हणाली. "मी वाकवला तर परत मलाच सरळ करावा लागंल की!"

त्या संध्याकाळचा सगळ्यांत मोठा हशा त्या वाक्याला मिळाला. अण्णा मला नंतर म्हणाले, "बाई गमतीची आहे हो, पण यात मुलींनी शिकायचं काय?" विषय तिथंच संपला. दुसऱ्या दिवशी ते तिघं नांदूरघाटच्या गाडीत बसले. मंदा बोचक्यांवर बसली होती. दोन-तीन वर्षांनी त्यांचं येणंही थांबलं.

मी निवृत्त झाल्यावर एका लग्नासाठी दिंद्रुडला गेले, तेव्हा तिला शोधून काढलं. दगडू वारला होता. ती मंदाकडं राहत होती. संधिवातानं तिची बोटं आखडली होती. चहाचा ग्लास ती दोन्ही तळव्यांत धरून पीत होती. मी इतकी वर्षं मनात ठेवलेला प्रश्न विचारला. "गोदाबाई, तुम्हाला गज वाकवता येत होता ना?"

"येत हुता की. मालक आजारी आसले की मीच वाकवून बगायची, नवा गज कसा हाय ते."

"मग त्या दिवशी?"

"तितं वाकवला आसता तर मालकाला कुनी इचारलं आसतं, बाई? बायकूनं वाकवला म्हनल्यावर त्येंचा खेळ कोन बगंल? त्येंची भाकर त्याच्यावर हुती." तिनं ग्लास खाली ठेवला. "एका अंगाला पोरगी, एका अंगाला नवरा. मी नवरा धरला. चुकलं माजं. मंदी आडानी ऱ्हायली."

चुलीपाशी मंदा भाकरी थापत होती. तिनं मान वर केली नाही.

"पैलवानांना कळलं होतं का?" मी विचारलं.

"बोलले न्हाईत कदी. पन त्या दिवसापस्नं गज सोताच सरळ करायला लागले. मला हात लावू देईनात. आन त्येंना काय जमंना. वाकडातिकडा गज घेऊन उबे ऱ्हायचे, मग लोकं म्हनायचे, हा तर आदीच वाकलेला हाय." ती हसली, पण पडद्यामागं हसली होती तशी नाही. "लई वाईट वाटायचं. एकदा मी म्हनलं, द्या हिकडं. तर त्ये म्हनले, ऱ्हाऊ दे, तुजं हात दुखत्याल."

मी बराच वेळ तिच्याजवळ बसले. निघताना तिनं माझा हात हातात घेतला, तर त्या आखडलेल्या बोटांत जोर असा नव्हताच.

मंदाकडं तिचा एकही फोटो नाही. होते ते सगळे दगडूचे. परवा फोनवर मी मंदाला तिच्या मुलींबद्दल विचारलं. थोरली सासरी शेळ्या पाळते. धाकटी बारावीला आहे आणि शाळेच्या संघातून कबड्डी खेळते. तिनं एकदा पाय धरला की समोरच्या मुलीला तो सोडवता येत नाही, असं मंदा म्हणाली.

तुमची,
आजी